दुसऱ्या हाताचं वजन

१

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या अकॅडमीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलं पाठीमागे मला 'मिरची मॅडम' म्हणतात. म्हणोत. विमान शिकवणं म्हणजे काही भरतकाम शिकवणं नव्हे, टाका चुकला की उसवून परत घालता येत नाही. मी राखी आडे, विमान शिकवते, आणि शिकवताना ओरडते. बोरी अरबजवळच्या तांड्यावर माझी याडी राहते. ती माझी सख्खी आई असूनही म्हणते, की हिच्यासोबत आठ दिवस काढायचे तर कानात कापूस पाहिजे. कापसाला आमच्याकडे तोटा नाही.

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की पुंडलिकरावांची कॉलेजं लागतात. आधी डी.एड., मग नर्सिंग, मग फार्मसी आणि आता विमान. कॉलेजांच्या मागे धावपट्टी, तिच्या दोन्ही अंगांना कपाशी आणि तूर, आणि पत्र्याच्या हँगरमध्ये दोन विमानं. त्यातलं लाल पट्ट्याचं नवं. त्यात मोठा पडदा आहे आणि ऑटोपायलट आहे, म्हणजे बटण दाबलं की विमान आपली उंची नि दिशा आपणच धरून ठेवतं. पुंडलिकरावांना त्याचं कोण कौतुक! मला नाही. मुलं पडद्याकडे बघत बसतात आणि विमान चालवतंय कोण हेच विसरतात. म्हणून माझा पहिला धडा एकच असतो: पडद्याची वरची ओळ मोठ्यानं वाचा. तिथं हिरवी अक्षरं असतील तर यंत्र चालवतंय, नसतील तर तुम्ही. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, असला कारभार माझ्या विमानात चालत नाही.

त्या सकाळी त्या लाल पट्ट्याच्या विमानात माझ्या डाव्या हाताला दीपा होती. दीपा राळेगाव तालुक्यातली, शिष्यवृत्तीवर आलेली, जिद्दीची पोरगी. उड्डाण चांगलं करायची, पण उतरताना बेडकासारख्या उड्या मारायची. आम्ही वर गेलो, विमान सरळ केलं. खाली कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या, रस्त्यानं एसटी चालली होती, रोजचंच सगळं.

आमच्या विमानात मोटारीसारखं स्टिअरिंग असतं, दोन्ही सीटसमोर एकेक, आणि दोन्ही आतून जोडलेली. विद्यार्थ्यानं आपलं घट्ट आवळलं की शिक्षकाला स्वतःच्या बोटांत कळतं. दुसऱ्या हाताचं वजन असतं ते. त्या सकाळी ते वजन फार होतं.

"दीपा, हात सैल सोड," मी म्हणाले. "बैलाचा कासरा नाही होय तो."

वजन तसंच राहिलं.

"तुले सांगून राह्यली ना मी! सोड म्हणलं!"

"मॅडम, मी तं धरलंच नाही," दीपा म्हणाली.

मी वळून पाहिलं. दीपाचे दोन्ही हात मानेमागे होते. ती सुटलेल्या केसांना रबर लावत होती.

२

घाबरणं हा माझा स्वभाव नाही. मला राग आला. विमानात काही बिघडलं की मला ते विमान स्वतःच्या घरचं आणि मेकॅनिक शेजाऱ्याचा वाटतो. मी पडद्याची वरची ओळ वाचली. हिरवी अक्षरं नव्हती. म्हणजे ऑटोपायलट बंद होता. बंद असूनही त्याची मोटर कुठंतरी अडकत असेल, असं मी ठरवलं आणि विमान खाली आणून थेट हँगर गाठला.

जीवन मेकॅनिकनं तळाचं झाकण उघडलं, तारा पाहिल्या, मोटर फिरवून पाहिली. मी बाजूला उभी राहून त्याच्या डोक्यावर बसले होते. हँगरचा पत्रा उन्हानं तडतडत होता.

"मॅडम, यात काहीच नाही," तो हात पुसत म्हणाला. "लोण्यासारखं फिरून राह्यलं."

"मंग मले वजन काहून लागलं?"

"पोरीनं गुडघ्यानं दाबलं असन."

"पोरीचा गुडघा मी पाह्यला. तू तुहं काम पाय."

मी विमानात चढले, उजव्या सीटवर बसले आणि स्टिअरिंग धरलं. हलकं होतं, रिकाम्या पाळण्यासारखं. मी डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. मग मला वाटलं की मीच मूर्ख आहे, हवेचा दाब असेल, आणि मी उतरायला निघाले. स्टिअरिंग सोडलं तेव्हा ते लगेच मधोमध आलं नाही. मी सोडलं होतं तिथंच, वाकडं, थोडा वेळ थांबून राहिलं. कुणीतरी 'जाऊ का आता?' असं विचारून उभं राहावं तसं.

मी जीवनला काही सांगितलं नाही. सांगायला होतं काय?

३

पुढच्या काही दिवसांत दीपाची विमानं सुरेख उतरू लागली. उड्या नाहीत, धक्का नाही. चाक जमिनीला कधी लागलं ते खुर्चीलाही कळू नये. एखाद्या शिक्षकाला याचा आनंद झाला असता. मला संशय आला. इतक्या दिवसांच्या शिव्यांनी जे झालं नाही, ते एकाएकी कसं झालं?

विमानात कंट्रोल देताना-घेताना तोंडानं बोलायचं असतं. देणारा म्हणतो, तुझ्याकडे. घेणारा म्हणतो, माझ्याकडे. उत्तर ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. हा नियम रक्तानं लिहिलेला आहे, कारण दोघांनाही वाटलं की समोरचा चालवतोय, तर विमान कोणीच चालवत नसतं.

त्या दिवशी परत येताना मी म्हणाले, "दीपा, तुह्याकडे." हेडफोनमध्ये "माह्याकडे" असं उत्तर आलं. मी हात काढले आणि पाण्याची बाटली उघडली. विमान वळलं, धावपट्टीसमोर आलं, खाली येत गेलं. मी मुद्दाम एक शब्दही बोलले नाही, म्हटलं बघू तरी. चाकं टेकली. तशी टेकवणी मी स्वतः वर्षातून एखाद्या वेळी करते.

विमान थांबलं. इंजिन बंद केलं. मी म्हणाले, "शाब्बास." हा शब्द मी फार जपून वापरते.

दीपा हसली. "शाब्बास कायले मॅडम? तुमीच तं उतरवलं."

"मी? मी पाणी पिऊन राह्यली होती. तू 'माह्याकडे' म्हणली ना!"

"नाही जी. तुमी म्हणल्या. 'माह्याकडे' म्हणल्या तुमी, म्हणून म्या हात मांडीवर ठेवले. मले वाटलं मी चुकली म्हणून तुमी घेतलं."

बंद झालेलं इंजिन थंड होताना टिकटिक करतं. ते टिकटिक करत होतं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. मग दीपाच्या चेहऱ्यावरचं कोडं सुटलं आणि ती पुन्हा हसली.

"तुमी माही परीक्षा घेऊन राह्यल्या ना? मले रोज कळते मॅडम. उतरतानी तुमचा हात असतेच. किती हलका, पण असते. मी फक्त हात ठेवते, बाकी तुमीच करता. म्हणून तं मले आता भेव लागत नाही."

"मी तुह्या उतरण्याले एकदाही हात लावला नाही, दीपा."

"बरं मॅडम," ती म्हणाली. मोठ्या माणसाचा मान ठेवून म्हणावं तसं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्यावर इतकी ओरडले की हँगरमधून जीवन बाहेर आला. आज वाटतं, त्या दिवशी मी हळू आवाजात बोलले असते तर तिनं ऐकलं असतं. पण त्या क्षणी मला भीती वाटत होती, आणि माझी भीती नेहमी रागाचे कपडे घालून बाहेर पडते.

४

दुसऱ्या दिवशी मी एकटी वर गेले. उजव्या सीटवर बसले, डावी रिकामी ठेवली. ऑटोपायलटच्या फ्यूजचं बटण पॅनेलमधून ओढून बाहेर काढलं. आता त्या यंत्रात वीजच नव्हती. हिरवी अक्षरं तर सोडाच, वरच्या ओळीत त्याचं नावही उरलं नाही. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता: वजन आलं नाही तर यंत्राचा दोष, जीवनला धुऊन काढायचं, विषय संपला.

बोरी अरबवरून मी वळले. खाली बाजार भरला होता. स्टिअरिंग हलकं होतं. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात ते जड झालं.

हिसका नाही, धक्का नाही. नवख्या विद्यार्थ्यानं बिचकत हात ठेवावा तसं आधी बोटांचं वजन, मग तळव्याचं. शेजारी डावं स्टिअरिंग होतं. त्यावर कुणाचाही हात नव्हता.

"कोण आहे?" मी म्हणाले. माझाच आवाज हेडफोनमध्ये मला ऐकू आला आणि त्याचा मला आणखी राग आला. "लायसन काढलं का तू? कोणाले इचारून हात लावला? सोड!"

मी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. त्यानं ओढू दिलं. नंतर हळूच, फार समजूतदारपणे, मी जास्त ओढलं होतं तेवढं परत आणलं. मी डावीकडे दाबलं, त्यानं तेही तसंच सावरलं. मी माझ्या विद्यार्थ्यांना असंच सावरते. त्या हवेत, त्या लख्ख उन्हात, मला कुणीतरी शिकवत होतं. मला!

मी धावपट्टीकडे वळले. खाली येताना मी हात काढले नाहीत, पण जोरही लावला नाही. बघायचं होतं. आणि बघितलं त्याचा आजही मला संताप येतो. टेकायच्या आधी मला एक वाईट खोड आहे. मी स्टिअरिंग किंचित स्वतःकडे ओढते, सोडते आणि पुन्हा ओढते. माझ्या गुरूंनी त्यावरून मला फार झापलं, पण खोड गेली नाही. विद्यार्थ्यांना मी ती कधी शिकवली नाही. माझ्या सैल बोटांखाली स्टिअरिंग किंचित माझ्याकडे आलं, सैल झालं आणि पुन्हा आलं. चाकं अलगद टेकली.

मग हेडफोनमध्ये कुणीतरी नाकानं श्वास ओढला. ओरडायच्या आधी माणूस ओढतो तसा, छाती भरून. पुढचं ऐकायला मी थांबले नाही. हेडफोन काढून मी डाव्या सीटवर फेकले.

५

पुंडलिकरावांच्या केबिनमध्ये एसी इतका असतो की माणूस खरं बोलायच्या आधीच गार पडतो. मी सांगायचं तेवढं सांगितलं: लाल पट्ट्याच्या विमानाचं स्टिअरिंग जड होतं, ते आपणहून वळतं, दीपाला त्यात सोलोला, म्हणजे एकटीनं उडायला, पाठवू नका. श्वासाचं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर मला थेट दवाखान्यात नेलं असतं.

"राखीबाई," पुंडलिकराव म्हणाले, "विमान चांगलं उतरतं, ही तक्रार आहे का तुमची?"

"हो."

ते हसले. शेजारी बसलेले संजय सरही हसले. संजय सर आमचे दुसरे शिक्षक. साहेब हसले की ते हसतात, साहेब शिंकले तर रुमाल काढतात.

"रविवारी कार्यक्रम ठरला. बॅनर छापून झाले. गावोगावचे लोक येऊन राह्यले, तिची आई येऊन राह्यली. जिल्ह्याची लेक आकाशात! आता तुमी म्हणता थांबवा?"

"मंग जुन्या विमानात पाठवा. तिले खरंच उतरवता येते का ते तरी कळन."

"त्या खटाऱ्यात? फोटो काढायचे आहेत आपल्याले."

"तिले उतरवता येत नाही, साहेब! आजवर तिनं एकदाही स्वतः नीट उतरवलं नाही!"

मी टेबलावर हात आपटला. चहाचा कप बशीत वाजला. पुंडलिकरावांनी संजय सरांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच माझं म्हणणं निकालात निघालं. बाई चिडली. बाई नेहमीच चिडते. बीपीची गोळी घेत जा, असं ते फार मायेनं म्हणाले. संजय सरांनी सोलोची परवानगी दिली.

मी दीपाला होस्टेलच्या पायरीवर गाठलं. तिला सगळं सांगितलं, श्वाससुद्धा. या खेपेला हळू आवाजात सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "तुमाले वाटते मी पडन. म्हणून भेव दाखवून राह्यल्या ना? पण मले येते आता. तुमीच शिकवलं."

"दीपा, तो हात माहा नाही."

"मंग कोणाचा असन?" तिनं विचारलं, आणि तिच्या डोळ्यांत मला भीती नाही, दया दिसली. तिला वाटलं, मॅडमला तिचं जाणं सोसत नाही.

६

रविवारी बँड होता. बँड! विमानाच्या सोलोला! पुंडलिकरावांनी मांडव घातला होता. सोलो करून आलेल्या वैमानिकाच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची आमच्यात रीत आहे. त्या बादलीतही त्यांनी गुलाबाच्या पाकळ्या टाकायला लावल्या होत्या. दीपाची आई रुखमाबाई मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. अंगणवाडीत मदतनीस आहेत त्या. पांढरी साडी, हातात पिशवी, पिशवीत पोरीसाठी कोरडे कपडे. पाणी ओततात हे लेकीनं सांगितलं होतं म्हणून आणले होते.

मी विमानाजवळ गेले. दीपा डाव्या सीटवर बसली होती. उजव्या सीटचा पट्टा मी आवळून बांधला, मोकळा राहून कुठं अडकू नये म्हणून तो बांधायचाच असतो.

"काही झालं तरी स्टिअरिंग तुह्याच हातात पाह्यजे," मी म्हणाले. "जड लागलं तर लगेच सांग. मी रेडिओवर आहे."

"हो मॅडम," ती म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. मला तिला खाली ओढावंसं वाटलं. मी ओढलं नाही, कारण शंभर माणसं बघत होती आणि माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हतं.

ती छान उडाली. बँडवाल्यांनी ताल धरला. विमानानं धावपट्टीला फेरा घातला, समोर आलं, खाली उतरत उतरत जमिनीपासून दोन माणसं उंचीवर आलं, आणि टेकलंच नाही. तसंच सरळ आमच्यासमोरून गेलं आणि पुन्हा वर चढलं.

"सलामी देऊन राह्यली पोरगी!" पुंडलिकराव माइकवर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या हातातला रेडिओ खरखरला.

"मॅडम," दीपाचा आवाज आला. "मॅडम, सोडा ना आता."

मी मांडवापासून लांब पळाले, बँडचा आवाज नको म्हणून. "दीपा, काय झालं? जड लागते का?"

"सोडा ना हात. मले उतरू द्या. मी नाही चुकणार. नका ओरडू, मी बरोबर करते म्हणून राह्यली ना."

"दीपा, ऐक. मी ओरडून नाही राह्यली. मी खाली आहे, धावपट्टीपाशी. पाय, पांढऱ्या गाडीजवळ, हात वर केला मी."

विमान कपाशीवरून वळत होतं. रेडिओत बराच वेळ नुसती खरखर होती. तिनं मला बघितलं असावं.

"मंग हे माह्यावर कोण ओरडून राह्यलं?" दीपानं विचारलं.

त्यानंतर रेडिओवर काही आलं नाही. मी ओरडत राहिले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धर, जोर लाव, माझं ऐक, त्याचं ऐकू नको. ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की वर तिच्यावर ओरडलं जातंय ते आणि मी खालून सांगतेय ते, दोन्ही तिला एकाच आवाजात ऐकू येत असणार. मी गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प झाले, आणि तीही चूक असेल की काय हे मला अजून ठाऊक नाही.

विमान पुन्हा समोर आलं. इतकं खाली, इतकं सावकाश, पंख इतके समतल, की आतलं स्पष्ट दिसलं. दीपाचं तोंड आमच्याकडे नव्हतं. ती पूर्ण वळून शेजारच्या सीटकडे बघत होती. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर नव्हते. ते छातीशी जोडलेले होते. तिच्या पलीकडे, काचेच्या उजेडात, काहीतरी होतं की नव्हतं हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. मला खांद्याचा एक कोपरा दिसला. शिकवताना मी असाच पुढे झुकवते.

"नमस्कार! नमस्कार करून राह्यली बघा लेक आपली!" पुंडलिकराव माइकवर ओरडले. "सगळ्यांनी हात जोडा!"

शंभर माणसांनी विमानाला हात जोडले. संजय सरांनी जोडले, फोटोवाल्यानं कॅमेरा गळ्यात सोडून जोडले. विमान तसंच पुढे गेलं आणि वर चढू लागलं.

मी पुंडलिकरावांच्या हातातला माइक हिसकायला धावले. दोघांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. मी त्यांना शिव्या दिल्या, पुंडलिकरावांच्या सात पिढ्यांना दिल्या, बँडच्या आवाजात त्या कुणाला ऐकू गेल्या असतील तर गेल्या असतील.

फक्त रुखमाबाईंनी हात जोडले नव्हते. त्या गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या. कपड्यांची पिशवी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती.

"मॅडम, हे नमस्कार नाही होय," त्या म्हणाल्या. "माही पोरगी जय भीम करते तं समोर पाहून करते. ते कोणाच्या तरी पाया पडून राह्यली. कोण बसलं तिच्यापाशी?"

मी त्यांच्या खांद्यावरून वर पाहिलं. धावपट्टीच्या टोकाला विमान पुन्हा वळत होतं, आणि वळण इतकं सुरेख होतं की पुंडलिकरावांनी टाळ्या वाजवल्या.